जाऊबाईंचे नवे घर पाहून आल्यापासून

पत्राचा आशय: चाळिशीतल्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्या आणि त्यांचे पती दोघेही नोकरी करतात, दोन मुले शाळेत आहेत आणि सारे कुटुंब मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेला नियमित जाते. घर लहान असले तरी स्वतःचे आहे आणि त्याचे कर्ज फिटलेले आहे. वर्षभरापूर्वी धाकट्या दिराने मोठे घर घेतले. ते पाहायला गेल्या असताना त्यांनी स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर सहज ओढला आणि सोडला, तर तो जराही आवाज न करता आपला आपण मिटला. आपल्या घरचा ड्रॉवर रोज गुडघ्याने रेटून बंद करावा लागतो हे त्यांना तिथल्या तिथे आठवले, आणि त्या दिवसापासून स्वतःच्या घरात त्यांचे मन रमत नाही; "मला समाधानी कर" अशी प्रार्थना वर्षभर करूनही फरक पडलेला नाही. मुले झोपली की त्या फोनवर घरे, पडदे आणि फर्निचर पाहत बसतात. पतीही आता मोठे घर घेऊ असे म्हणू लागले आहेत. त्याचा हप्ता दोघांच्या मिळून उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मा होईल आणि काही वर्षे मंडळीतले अर्पण थांबवावे लागेल; "प्रभू समजून घेईल" असे पतीचे म्हणणे आहे. प्रार्थनासभेतल्या एका मैत्रिणीने सांगितले, की मोठे घर हे विश्वासाचे फळ आहे, मागायला संकोच कसला. दुसरीने सांगितले, की असे काही हवेसे वाटणे हाच लोभ होय. पत्राच्या अगदी शेवटी भगिनींनी लिहिले आहे, की लहानपणी वडिलांवर कर्ज होते, आणि संध्याकाळी दारावर थाप पडली की आई दिवा मालवून भावंडांना गप्प बसवत असे. "मी विश्वासणारी असून मला समाधान का नाही? आणि हे घर घेतले तर ते पाप ठरेल का?" असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा शेवटच्या त्या दोन ओळींपाशी थांबले. जाता जाता सांगावे तशा त्या तुम्ही लिहिल्या आहेत. परंतु तुमच्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या ओळींतच आहे असे मला वाटते. तिकडे मी येणारच आहे. त्याआधी तुमच्या प्रश्नांनी जे गृहीत धरले आहे त्याकडे आपण दोघींनी मिळून पाहावे अशी माझी विनंती आहे.

"विश्वासणारी असून मला समाधान का नाही?" असे विचारताना, विश्वासाबरोबर समाधान आपोआप येते आणि ते आले नाही तर विश्वासातच कुठेतरी खोट आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. पवित्र शास्त्रात समाधानाविषयी सर्वांत मोकळेपणाने बोलणारा मनुष्य पौल आहे, आणि तो असे म्हणत नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो, की ज्या स्थितीत मी असेन तिच्यात तृप्त राहण्यास मी शिकलो आहे. शिकलो, असे तो म्हणतो. हे लिहिताना तो बंदिवासात होता, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत त्याला नुकतीच पोहोचली होती, आणि दिमिष्काच्या वाटेवर त्याला प्रभूचे दर्शन झाले त्याला तोवर वीस वर्षे तरी उलटून गेली होती. एवढी वर्षे मंडळ्या स्थापन करत, मार खात, उपाशी राहत आणि तंबू शिवून पोट भरत हिंडलेला प्रेषित जर ही गोष्ट शिकावी लागली असे कबूल करतो, तर तुमच्या मनाला ती वर्षभरात जमली नाही म्हणून तुम्ही स्वतःच्या विश्वासावर संशय घ्यावा असे मला वाटत नाही.

त्याच ठिकाणी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द मोठा विचार करायला लावणारा आहे. त्या काळचे स्तोइक तत्त्वज्ञ हाच शब्द, ज्याला बाहेरून कशाचीही गरज उरलेली नाही अशा स्वयंपूर्ण मनुष्यासाठी वापरत असत; मनावर असा ताबा मिळवायचा की सुख आले काय आणि दुःख आले काय, आपण हलायचे नाही, अशी त्यांची शिकवण होती. पौल शब्द तोच घेतो, पण दोनच वचने पुढे गेल्यावर म्हणतो, की मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी हे सर्व करू शकतो. म्हणजे त्याचे पुरेसेपण त्याच्या स्वतःच्या आतून आलेले नाही, कोणीतरी बरोबर आहे म्हणून आलेले आहे. हे वचन आपण परीक्षेला जाणाऱ्या मुलांना आणि नवा धंदा सुरू करणाऱ्यांना हमखास देतो; मूळ जागी मात्र ते, पोट भरलेले असताना कसे राहावे आणि रिकामे असताना कसे राहावे, या बोलण्याच्या ओघात आलेले आहे. आणि पोट भरलेले असतानाही कसे राहावे हे शिकावे लागते, असे पौल म्हणतो हे विसरू नका. टंचाईचा धडा तुम्ही लहानपणी, फार लवकर आणि फार कठोरपणे शिकलात. आता तुमच्यापुढे दुसरा धडा आहे, आणि तो सोपा असेल असे तुम्हाला कोणीतरी उगाच सांगितले आहे.

तुमच्या दोन मैत्रिणींविषयी. पहिलीचे म्हणणे मी फार वेळ घेऊन खोडत बसणार नाही. मोठे घर हे जर विश्वासाचे फळ असेल, तर पौलाच्या हातातल्या बेड्या अविश्वासाचे फळ ठरतील, आणि मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला ठिकाण नाही, असे ज्याने स्वतःविषयी सांगितले त्या प्रभूविषयी काय म्हणायचे, हा प्रश्न उरेलच. दुसरीचे म्हणणे मात्र वरवर पाहता अधिक धार्मिक वाटते, म्हणून ते अधिक काळजीने पाहिले पाहिजे. काही हवेसे वाटणे म्हणजे लोभ, असे शास्त्र म्हणत नाही. जे धनवान आहेत त्यांना काय सांगायचे हे पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी आले आहे: त्यांनी अभिमानी होऊ नये, अशाश्वत धनावर आशा ठेवू नये, चांगले करण्यात आणि देण्यात धनवान व्हावे. आणि त्याच वाक्यात देवाविषयी असे म्हटले आहे, की तो आपल्याला सर्व काही उपभोगासाठी विपुल देतो. उपभोगासाठी, हे पौलाचे शब्द आहेत. आपण ते वाचताना अनेकदा घाईने पुढे जातो. द्रव्याचा लोभ हे सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ आहे, हे वचनही याच अध्यायातले, आणि त्यातून "लोभ" हा शब्द गाळून नुसते "द्रव्य" ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

मग लोभ म्हणजे काय? निर्गमाच्या विसाव्या अध्यायातली दहावी आज्ञा पुन्हा एकदा सावकाश वाचा. लोभ धरू नको म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्यांत पहिलेच नाव घराचे आहे, आणि ते नुसते घर नाही, शेजाऱ्याचे घर आहे. पुढे शेजाऱ्याची बायको, त्याचा दास, त्याची दासी, त्याचा बैल, त्याचे गाढव, आणि शेवटी शेजाऱ्याची कोणतीही वस्तू. त्या एका वचनात शेजारी पुन्हा पुन्हा येतो. घर हवेसे वाटण्याला ही आज्ञा आड येत नाही; दुसऱ्याच्या घराकडे पाहून आपले आपल्याला नकोसे होणे, या ठिकाणी ती बोट ठेवते. आता तुमच्या ड्रॉवरकडे पाहा. तो कित्येक वर्षे तुम्ही गुडघ्याने रेटत आलात, आणि तुमच्या पत्रावरून असे दिसते की त्याचे तुम्हाला कधी दुःख झाले नव्हते. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरातून परत आलात तेव्हाही तो होता तसाच होता. पहिल्यापेक्षा अधिक कुरकुर करत नव्हता, अधिक अडतही नव्हता. तो एकाएकी असह्य झाला तो केवळ दुसऱ्या एका ड्रॉवरमुळे. हे तुम्हाला लाज वाटावी म्हणून मी लिहीत नाही. तुमच्या असमाधानातला किती भाग गरजेचा आहे आणि किती भाग तुलनेचा आहे, हे वेगळे काढण्यासाठी तोच ड्रॉवर तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे. वाढत्या मुलांना अभ्यासाला जागा नसणे ही गरज आहे, आणि ती गरज दिराने घर घेतले नसते तरी असती. पडद्यांचे तसे नाही.

नव्या करारात हावेसाठी जो ग्रीक शब्द येतो त्याचा सरळ अर्थ "अधिक असणे" असा होतो, आणि त्या अधिकाला कुठेही आकडा नसतो. लूकाच्या बाराव्या अध्यायात येशू या हावेपासून सांभाळा असे सांगतो, ते कोणाच्या प्रश्नावरून, हेही पाहण्यासारखे आहे. गर्दीतला एक मनुष्य त्याला म्हणतो, की गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा मला द्यायला सांगा. म्हणजे तिथेही दोन भावांचाच मामला आहे. प्रभू वाटणीचा न्याय करायला नकार देतो आणि त्या धनवानाचा दाखला सांगतो, ज्याने कोठारे पाडून मोठी बांधण्याचे ठरवले. त्या धनवानाचे बोलणे मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा त्याचा एकटेपणा माझ्या डोळ्यांत भरतो. तो स्वतःलाच विचारतो, स्वतःच उत्तर देतो आणि शेवटी स्वतःच्या जिवालाच उपदेश करतो. एवढा मोठा निर्णय घेताना त्याच्या बोलण्यात बायको नाही, मूल नाही, शेजारी नाही, देव नाही. रात्री फोन हातात घेऊन एकटीने पडदे पाहत बसण्याची तुमची ती वेळ मला याच्याशी जोडावीशी वाटते. तिथे पाप घडते असे मी म्हणत नाही. तिथे तुमच्याशी बोलायला कोणी नसते, एवढेच म्हणते.

आता त्या दोन ओळी. दारावर थाप पडते, आई दिवा मालवते, तुम्ही भावंडे अंधारात श्वास रोखून बसता. असे बालपण ज्यांचे गेले त्यांना पैसा नुसता पैसा वाटत नाही. ते दार आणि आपण यांच्यामध्ये उभी असलेली ती भिंत असते. माझा असा अंदाज आहे, आणि तो चुकला असेल तर तुम्ही तो बाजूला ठेवावा, की जाऊबाईंच्या घरात तुम्हाला भुरळ पडली ती श्रीमंतीची पडली नसून त्या निःशब्दतेची पडली. जिथे काही अडत नाही, काही कुरकुरत नाही, सारे आपोआप मिटते, अशा घराच्या दारावर कधी कोणी थाप मारणार नाही असे तुमच्यातल्या त्या लहान मुलीला वाटले असावे. तुमची मैत्रीण ज्याला लोभ म्हणते त्याच्या तळाशी मला तरी भय दिसते. आणि भयाला लोभ म्हणून झिडकारले तर ते जात नाही, उलट अधिक खोल जाऊन बसते. म्हणूनच, "मला समाधानी कर" अशी प्रार्थना वर्षभर करूनही फरक पडला नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी प्रार्थना करायची ती अजून देवापुढे मांडली गेलेलीच नाही.

इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातले पाचवे वचन तुम्हाला पाठ असेल: तुमची वागणूक द्रव्यलोभावाचून असावी, जवळ आहे तेवढ्यात तुम्ही तृप्त असावे. आपण बहुधा इथेच थांबतो, आणि मग ती नुसती आज्ञा उरते. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे "कारण" आहे: कारण त्याने स्वतः म्हटले आहे, "मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही." मोशेने इस्राएलाला आणि देवाने यहोशवाला हे आश्वासन दिले होते, आणि पत्राचा लेखक ते पैशाच्या संदर्भात आणून ठेवतो. मूळ ग्रीक वाक्यात नकाराचे शब्द एकामागून एक पाच वेळा आले आहेत, जणू आईने घाबरलेल्या लेकराला नाही, नाही, कधीच नाही असे सांगत राहावे. पैशाविषयी बोलता बोलता लेखक एकदम सोडून जाण्याविषयी का बोलू लागतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, पैसा आपल्याला नेमके हेच वचन देत असतो, की मी आहे तोवर तू एकटी नाहीस, तुझ्या दारावर कोणी येणार नाही. हे वचन तो पाळू शकत नाही, तरी आपण त्याच्यावर विसंबतो, कारण तो हातात धरता येतो. तुम्हाला कधीच काही कमी पडणार नाही असे या वचनात म्हटलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कमी पडलेल्या दिवशीही मी तिथे असेन, असे ते म्हणते. त्या अंधारातही तो तुमच्या आईजवळ आणि तुम्हा भावंडांजवळ होता, हे आज तुम्हाला म्हणता येते का, ते स्वतःला विचारून पाहा. लगेच "होय" म्हणता आले नाही तरी चालेल. ती तुमची खरी प्रार्थना असेल.

या संदर्भात स्तोत्रसंहितेतले एकशे एकतिसावे स्तोत्र तुम्हाला द्यावेसे वाटते. अवघी तीन वचने आहेत. स्तोत्रकर्ता म्हणतो, की दूध तुटलेले बालक आपल्या आईजवळ असते तसा माझा जीव माझ्याठायी शांत आहे. तुम्ही दोन मुले वाढवली आहेत, तेव्हा हे चित्र तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. अंगावर पिणारे मूल आईच्या मांडीवर आले की चाचपडू लागते, मिळाले नाही की चवताळते, मिळाले की झोपी जाते. आई म्हणजे त्याच्यासाठी दूध. दूध तुटायचे दिवस तर रडारडीचेच असतात, आई तिथेच असूनही ती देत नाही हे त्याला कळत नाही. आणि मग एक दिवस तेच मूल खेळता खेळता येते, मांडीवर बसते, काहीही न मागता आईच्या पदराशी चाळा करत बसून राहते. त्याला आता आई हवी असते. स्तोत्रकर्त्याचे समाधान या दुसऱ्या मुलाचे आहे, आणि ते रडारडीच्या दिवसांतून गेल्यावरचे आहे. तुमचे हे वर्ष त्या दिवसांतले असेल, तर आई दूर गेली असा त्याचा अर्थ नाही.

आता घराविषयी. घर घेणे पाप ठरेल का, या प्रश्नाला माझे उत्तर "नाही" असे आहे. पण हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. घर कशासाठी, हे विचारले पाहिजे. ज्या फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला मदत पाठवली तिची सुरुवात झाली ती लुदिया या जांभळी वस्त्रे विकणाऱ्या बाईपासून. तिने पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना आग्रहाने घरी ठेवून घेतले, आणि तुरुंगातून सुटल्यावर ते तिच्याच घरी बंधुजनांना भेटले. तेव्हा मोठे घर देवाच्या उपयोगी पडू शकते. तुमचे आताचे घर पडत नाही का, हे मात्र तपासा, कारण जाऊबाईंचे घर पाहिल्यापासून तुम्ही कोणाला घरी बोलावले असा एकही उल्लेख पत्रात नाही.

पैसे साठवणे किंवा पुढचा विचार करणे हा अविश्वास आहे, असाही समज आपल्यात दिसतो. रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणारे अन्न, म्हणजे मान्ना, साठवला तर त्यात किडे पडत, हे खरे. प्रत्येकाला दिवसाला एक ओमर (त्या काळचे एक माप), आणि शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दोन. पण त्याच देवाने योसेफाला सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवण्याची बुद्धी दिली, आणि त्यावर दुष्काळात लोक जगले. तेव्हा मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी किंवा म्हातारपणासाठी बाजूला ठेवताना मनाला टोचणी लावून घेऊ नका. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे उदाहरण तर प्रभूनेच दिले आहे. तसे तुम्ही दोघे एका संध्याकाळी कागद घेऊन बसा. दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर हप्ता कुठून भरणार, घरातले मोठे आजारी पडले तर काय, व्याजाचा दर वाढला तर काय, हे सारे आकड्यांनी लिहून काढा. माझे स्पष्ट मत विचाराल, तर जवळजवळ निम्मे उत्पन्न हप्त्यात जाणे हे तुमच्या कुटुंबासाठी फार आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की कर्जामुळे जिचे बालपण काळवंडले ती त्या भयावर उपाय म्हणून आणखी एक कर्ज घेऊ पाहते आहे. घर मिळेल, पण प्रत्येक महिन्याच्या त्या तारखेला तुमच्या मनातला दिवा पुन्हा मालवला जाईल, अशी मला खरोखर भीती वाटते. थोडे मोठे घर, अधिक आगाऊ रक्कम जमल्यावर, तीन-चार वर्षांनी. किंवा आहे त्याच घरात मुलांच्या अभ्यासाची सोय. हे पर्याय तुम्ही मोजून पाहिले आहेत का?

अर्पणाविषयी तुमच्या पतीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. प्रभू समजून घेईल. गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, त्याने पाहिल्या, आणि पौलही करिंथकरांना लिहितो की मनुष्याजवळ जे असेल त्या मानाने त्याचे दान मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे. अडचणीच्या काळात अर्पण कमी करणाऱ्या कुटुंबाला दशांशाच्या हिशेबाने कोणी धारेवर धरू नये, असेच मी म्हणेन. पण तुमची अडचण आलेली नाही, ती तुम्ही विकत घेणार आहात, आणि तिथे मला थांबावेसे वाटते. देण्याने मंडळीचे काय भले व्हायचे ते होईल. पण देताना आपली मूठ दर महिन्याला एकदा उघडते, आणि जिच्या मनात भय आहे तिला या उघडण्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. पाच-सात वर्षे ती मिटलेली राहिली तर पुन्हा उघडणे किती अवघड जाईल, याचा विचार तुम्ही दोघांनी करावा. ज्या कर्जासाठी देणे पूर्ण थांबवावे लागते ते कर्ज आपल्या मापाचे नाही, असा नियम मी स्वतःच्या घरात पाळत आले आहे.

जॉन वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या सुवार्तिकाने एका तरुणाची हकिकत सांगितली आहे, आणि तो तरुण वेस्ली स्वतःच होता असे मानले जाते. पहिल्या वर्षी त्याची प्राप्ती ३० पौंड होती. २८ पौंडांत त्याने भागवले आणि दोन पौंड दिले. दुसऱ्या वर्षी ६० पौंड मिळाले, तरी खर्च २८च ठेवला आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले तेव्हा ६२ दिले, चौथ्या वर्षी १२० मिळाले तेव्हा ९२. त्या वेळी त्याला संसार नव्हता, मुलांची फी नव्हती, म्हणून त्याचे आकडे तुमच्या घराला लावण्यात अर्थ नाही. पण प्राप्ती वाढण्याआधीच "पुरेसे" म्हणजे किती हे त्याने ठरवून ठेवले होते, आणि आपण बहुतेक जण ते कधीच ठरवत नाही. तुम्ही पती-पत्नींनी तो आकडा एकदा लिहून काढा: घरखर्च, मुले, बचत, थोडी हौस, सारे धरून. हौस गाळू नका, नाहीतर तो कागद दोन महिन्यांत फाटेल. आणि वर्षातून एकदा तो पुन्हा पाहा, कारण मुले वाढतात आणि महागाईही वाढते.

पतीशी बोलताना आकड्यांच्या आधी ती दिव्याची गोष्ट सांगा. पत्रावरून असे वाटते की ती त्यांना पूर्ण माहीत नाही. धाकट्या भावाने मोठे घर घेतल्यावर थोरल्या भावाच्या मनात काय चालले असेल, हेही त्यांना हळुवारपणे विचारा. या घराची ओढ एकट्या तुम्हालाच लागली आहे असे मला वाटत नाही. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याला, ज्यांना तुमच्या घर घेण्या न घेण्यात काही देणेघेणे नाही, त्यांनाही तो कागद दाखवा. त्या कोठारवाल्या धनवानाने नेमके एवढेच केले नव्हते.

रात्रीच्या फोनसाठी मी कडक व्रत सांगणार नाही. आठवड्यातला एक दिवस, उपासनेचाच दिवस धरा, काही विकत घ्यायचे नाही आणि विकत घ्यायच्या वस्तू पाहायच्याही नाहीत, एवढे ठरवा. इतर रात्री फोन हाती घेण्याआधी ते तीन वचनांचे स्तोत्र मोठ्याने म्हणा. त्यानंतर पडदे पाहावेसे वाटले तर पाहा. काही आठवड्यांनी काय झाले ते मला जरूर कळवा.

जाऊबाईंसाठी नाव घेऊन प्रार्थना करा, आणि ती त्यांच्या घरावर आशीर्वाद मागणारी असू द्या. सुरुवातीला शब्द जड जातील. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, ही आज्ञा शोक करणाऱ्यांबरोबर शोक करण्यापेक्षा मला नेहमीच कठीण वाटत आली आहे. त्यांच्या हप्त्यांचे ओझे किती आहे, त्यांना रात्री झोप लागते की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही फक्त ड्रॉवर पाहिला आहे.

हे सदर वाचणाऱ्यांत असेही कोणी असतील, ज्यांना महिन्याची पंधरा तारीख ओलांडणे अवघड जाते. त्यांनी वरचा मजकूर स्वतःला लावून घेऊ नये. उघड्या आणि उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" असे नुसते म्हणणाऱ्यांविषयी याकोबाने जे लिहिले आहे ते मंडळीने वाचावे. समाधानाचा धडा पौलाने आपल्या स्वतःच्या उपासाविषयी सांगितला. यरुशलेमेतल्या गरिबांच्या उपासावर मात्र त्याने वर्गणी गोळा केली. तुमची मजुरी अडकली असेल तर ती मागा, मदत हवी असेल तर पाळकांना किंवा एखाद्या विश्वासू माणसाला सांगा. मदत स्वीकारण्यात कमीपणा नाही, कारण फिलिप्पैकरांची मदत स्वीकारतानाच पौलाने ते वाक्य लिहिले होते.

आणि भगिनी, या आठवड्यात सुताराला बोलावून तो ड्रॉवर दुरुस्त करून घ्या. इतकी वर्षे तो रेटत राहण्यात काही धार्मिकता नव्हती. तो नीट झाला, की एखाद्या रविवारी उपासनेनंतर दीर-जाऊ आणि त्यांच्या मुलांना जेवायला बोलवा, आणि जागा कमी पडली तर मुलांना खाली सतरंजीवर बसवा.

तुमची,
प्रभूच्या सेवेतील भगिनी